छावणीतलं साखर-खोबरं

ती घटना आठवली की आजही मला संताप येतो, आणि त्यातला थोडा माझा स्वतःवरचा असतो.

नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरच्या एका ठाण्याची मी तेव्हा प्रभारी अधिकारी होते. पुराला नऊ दिवस झाले होते. नदीकाठच्या दोन वाड्या वाहून गेल्या होत्या आणि वाचलेली माणसं जवळच्या मोठ्या गावातल्या शाळेत आणली होती. आठ वर्गखोल्या, एक मंडप, एक मोठी चूल आणि स्वयंसेवक. सकाळी लोह्याचे, दुपारी लातूरचे, संध्याकाळी आणखी कुठले. सगळे मनापासून आलेले आणि कोणाचा कोणाला पत्ता नाही. प्रत्येक तुकडीने आल्या आल्या एकच काम आधी केलं, अनाथ मुलांची यादी. अशा सात याद्या झाल्या. एकीत मुलांची लाडाची नावं, एकीत शाळेतली. एकीत नुसतं ‘पिवळा फ्रॉक’, ‘निळी चड्डी’. आणि त्याच लोकांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांना एकसारखे नवे कपडे घालून फोटो काढले. अनाथ कोणाला म्हणायचं, तर ज्याच्या शेजारी मोठं माणूस बसलेलं नाही त्याला.

दहाव्या दिवशी सकाळी नांदेडच्या रुग्णालयातल्या पोलीस चौकीतून हवालदाराचा फोन आला. त्याच वाड्यांतली, पुरात भिंत अंगावर पडलेली एक म्हातारी तिथे दाखल होती. पाय सडत चालला होता, गुडघ्याखाली कापावा लागणार होता, आणि म्हातारी संमतीच्या कागदावर अंगठा देत नव्हती. लेक आणि जावई गेल्याचं तिला कळलं होतं. सहा वर्षांची नात वाचली, एवढंही कोणीतरी सांगितलं होतं. डॉक्टरांनी दोन दिवसांची मुदत दिली होती.

“मॅडम, ती एकच म्हणून राहिली,” हवालदार म्हणाला. “पोरगी दाखवा, मग पाय कापा नाहीतर मान कापा.”

मी छावणीवर माणूस पाठवला. त्याने येऊन सांगितलं, अशी मुलगी तिथे नाही. दुपारी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. शाळेतल्या छावणीतून सहा वर्षांची पोरगी गेलीय, चारचाकीत बसवून नेलीय, माझं नाव इचारू नका. फोन बंद.

स्टेशन डायरीला नोंद केली. अल्पवयीन मूल बेपत्ता असलं की अपहरणाचाच गुन्हा दाखल करावा लागतो, तो केला, आणि दोन कर्मचारी घेऊन छावणीवर गेले. सातही याद्या टेबलावर मांडल्या आणि नावाशी नाव, वयाशी वय जुळवत दीड तास बसले. चौथ्या यादीत त्याच मुलीच्या ओळीवर काट मारून लिहिलं होतं, ‘नातेवाईकांकडे रवाना’. कोणते नातेवाईक, कोणी पाठवलं, सही कोणाची, काही नाही.

मग जबाब सुरू केले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी चोर, भुरटे, चकवा देणारे खूप पाहिले. चोराला विचारलं की तो खोटं बोलतो, आणि खोट्याला कुठेतरी टोक असतं, ते धरता येतं. भल्या माणसाला विचारलं की तो भाषण करतो. मुलगी कुठे आहे, असं एका गृहस्थांना विचारलं तर त्यांनी आपण दिवाळी कशी अनाथाश्रमात साजरी करतो ते सांगितलं. दुसऱ्या एक ताई रडायलाच लागल्या, म्हणाल्या, आमच्यावर संशय घेता? तिसऱ्यांनी मोबाइलमधले फोटो दाखवले. शंभरेक फोटो होते, आणि प्रत्येकात मध्यभागी ते स्वतः. सरपंच चहा पाठवत राहिले आणि स्वतः काही समोर आले नाहीत.

शेवटी मी सगळ्या मोठ्यांना खोलीबाहेर काढलं आणि मुलांबरोबर सतरंजीवर बसले. मुलगी कुठे गेली हे विचारलं नाही. मोठ्यांनी त्यांना काय पढवलं असेल सांगता येत नाही. मी विचारलं, इथे आल्यापासून काय काय खाल्लंत? माणसांचे चेहरे मुलं विसरतात, खाणं विसरत नाहीत.

“खिचडी,” सगळी म्हणाली.

“रोज?”

“रोज. खिचडी, बिस्कुट, खिचडी.”

एक दात पडलेली पोरगी म्हणाली, “बुधवारी साखर-खोबरं बी हुतं.”

छावणीत साखर-खोबरं? मी विचारलं, कशाचं होतं गं? मग सगळी एकदम बोलू लागली. आमच्यातल्या एकीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, मग उदगीरच्या काकूंच्या मांडीवर ठेवलं. काकूंच्या पदरात नारळ होता. पाच माणसं बसली होती, सरपंच होते. मग सगळ्यांना साखर-खोबरं दिलं. चांगलं होतं, पण थोडंच दिलं.

मला सगळा उलगडा झाला. आपल्याकडे मूल दत्तक द्यायची ही जुनी रीत आहे. पाच माणसांसमोर मूल ओटीत घातलं की ते त्या घरचं झालं. कायदा याला काही विचारत नाही आणि ही माणसं कायद्याला काही विचारत नाहीत.

चुलीपाशी शाळेची स्वयंपाकीण डाळ निवडत होती. मी तिला विचारलं, साखर-खोबरं तुम्ही वाटलंत का? ती मान वर न करता म्हणाली, “हाव. सरपंचांनी सांगितलं. त्यांनीच काम दिलंय मला.” मग हळूच म्हणाली, “पोरगी लई रडत हुती गाडीत बसताना.” तो आवाज मी दुपारी फोनवर ऐकला होता. तिला ते बोलून दाखवलं नाही आणि जबाबातही घेतलं नाही.

आता सरपंचांना बोलावून घ्यावंच लागलं. ते आले आणि त्यांनी मोकळेपणाने सगळं कबूल केलं, कारण त्यांच्या मते कबूल करण्यासारखं काही नव्हतंच. उदगीरचे कापड दुकानदार आणि त्यांची बायको चादरी घेऊन आले, तीन दिवस राहिले. बाईंनी पोरांची डोकी धुतली, ही पोरगी त्यांच्याच हाताने वेणी घालून घ्यायची. मूलबाळ नाही, घर चांगलं, देवाधर्माची माणसं.

“पोरीचं सोनं झालं मॅडम. तुमच्या कायद्यानं तिला बालगृहात टाकलं असतं.”

“तिची आजी नांदेडला आहे, हे तुम्हाला माहीत होतं?”

ते म्हणाले, “आजी म्हंजे किती दिवसाची, मॅडम?”

मी पेन खाली ठेवलं. नोकरीत फार थोड्या वेळा ठेवलं असेल. मग म्हटलं, नात दिसल्याशिवाय ती सडका पाय कापू देत नाही; तिला तुम्ही आज पायासकट मारत होतात. आणि पुन्हा लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उदगीर गाठलं. सोबत महिला कर्मचारी आणि स्थानिक ठाण्याचा माणूस. दुकानाच्या वरच घर. मुलगी नव्या परकरात जिन्याच्या तळाशी बसली होती, चपला घालून. दुकानदार चांगले घाबरले. पोलीस दारात म्हणजे अब्रू गेली, असं पुटपुटत ते आत-बाहेर करू लागले. बाईंनी मात्र मुलीचा हात धरून ठेवला.

“पाच माणसांसमोर माझ्या ओटीत घातलीय. अशी कशी न्यायलात?”

मी सांगितलं, तिची आजी जिवंत आहे. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांना सांगितलं होतं, कोणी उरलं नाही. मुलीने हात सोडवून घेतला आणि मला विचारलं, “नांदेडला जायचं?” जणू गाडी उशिरा आली एवढंच.

मुलीला नांदेडला बाल कल्याण समितीसमोर हजर केलं आणि समितीच्या परवानगीने दुपारी रुग्णालयात नेलं. उदगीरच्या बाईही मागून आल्या होत्या. येऊ नका म्हणून सांगितलं तरी आल्या. आजीने नातीला जवळ घेतलं नाही. आधी तिचे हातपाय चाचपून पाहिले, डोक्यावरून हात फिरवला, मग हवालदाराला म्हणाली, “आण रे कागद.” अंगठा देऊन झाल्यावर दाराशी उभ्या बाईंकडे तिचं लक्ष गेलं. ही कोण, हे मी सांगितलं.

आजीने तिला विचारलं, “वेणी तू घातलीस?”

“हो.”

“चांगली घातलीस. पण मागायची हुती तर मला मागायची हुतीस.”

पाय गेला, आजी वाचली. मुलगी तिच्याच ताब्यात राहिली. सरपंच आणि दुकानदार यांच्यावरचे कागद रीतीप्रमाणे पुढे गेले.

खरी चपराक मला शेवटी बसली. तपासाची कागदपत्रं लावताना त्या सात याद्या पुन्हा हातात आल्या. चौथ्या यादीत, काट मारलेल्या ओळीच्या टोकाला शेऱ्याचा रकाना होता. कोणा कॉलेजच्या मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘मुलगी सारखी नांदेड नांदेड करते. बहुधा शहर बघायची हौस.’

दीड तास ती यादी माझ्या टेबलावर होती. मी नावं जुळवली, वयं जुळवली, काट मारलेल्या ओळी मोजल्या, सही शोधली. शेरा वाचला नाही. त्या पोरीने भेटेल त्याला आपल्या आजीचा पत्ता सांगितला होता. स्वयंसेवकांनी तो लिहून घेऊनही ऐकला नाही आणि मी तो समोर असूनही वाचला नाही. मग इतरांवर चिडायचा मला किती हक्क होता?

पुढे मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. आता कुठे पूर आला, दरड कोसळली की मी छावणीवर जाते, आणि पहिलं काम म्हणजे बाकी सगळ्या याद्या गोळा करून बाजूला ठेवते. लोक नाराज होतात. एकदा हदगावकडच्या एका तरुण कार्यकर्त्याने तोंडावर सुनावलं, मॅडम, अजून ठाण्यातच हायेत का तुम्ही? असेन. एकच रजिस्टर, एकच अक्षर, आणि मूल कोणाबरोबर गेलं त्याची सही. पण त्यात पहिला रकाना नावाचा नाही. मूल स्वतः काय म्हणतं, ते त्याच्याच शब्दांत तिथे लिहायचं, ‘बहुधा’ न लावता. नाव त्याच्यानंतर.