बाटलीवरचा लॅटिन शब्द

धाराशिवच्या दवाखान्यातले कंपाउंडर खलात औषध घोटताना त्याच तालावर लॅटिन रूपे म्हणत: लिबर्तास म्हणजे स्वातंत्र्य, षष्ठीत लिबर्तातिस. माझा भाऊही ती त्यांच्याकडूनच शिकला होता.

भाऊ निजामाच्या तुरुंगात तापाने खचला. तो माफीनामा लिहून देणार, अशी कुजबुज उठली. त्या सकाळी कंपाउंडरांनी औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी डकवली आणि तीवर ‘लिबर्तास’ एवढेच लिहिले. कापराच्या उग्र वासाची ती बाटली घेऊन आम्ही दोघे निघालो.

तुरुंगाच्या फाटकावर जमादाराने विचारले, “ये क्या लिखे?”

कंपाउंडर म्हणाले, “लॅटिन हाय, जमादारसाहेब. स्त्रीलिंगी, भाववाचक नाम. हाती धरता येत न्हाय.”

जमादाराने बूच काढून हुंगले आणि बाटली आत सोडली.

संध्याकाळी रिकामी बाटली परत आली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. ओलसर खळ तेवढी बोटांना चिकटली. शब्द भावाने ठेवून घेतला होता. माफीनामा त्याने लिहिला नाही.