यू न लावलेली फाईल

माझ्यापेक्षा दुसऱ्या कुणाला चांगलं येतं, हे मला सहन होत नाही. आता पन्नाशीत हे सरळ लिहिता येतं. तेव्हा विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, छे, मला काय पडलंय.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघी ट्रेनी म्हणून लागलो. मी महाड शहरातली, पुण्यात राहून डिप्लोमा केलेली, वडील कोर्टात कारकून. ती पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. घरी शेळ्या आणि नाचणीची शेती. मुंबईला मामाकडे राहून ती कॉम्प्युटर शिकून आली होती. रोज सकाळी वाडीतून तासभर चालत उतरायची, पोलादपूरहून एसटीने महाड डेपो, तिथून कंपनीची बस. एवढं करून ती माझ्याआधी कॉम्प्युटरच्या टर्मिनलवर बसलेली असायची. धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर काढाव्या लागत. तिच्या लाल मातीने भरलेल्या चपला तिथे आधीच दिसल्या की माझी सकाळ बिघडायची.

सहा महिन्यांनी दोघींपैकी एकीला कायम करणार, हे विभागाच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "कोणाला, ते मी नाही ठरवणार. लायब्ररी ठरवेल," असं ते म्हणायचे.

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. मोठ्या मशीनमध्ये एक डिरेक्टरी, म्हणजे फायली ठेवायचा कप्पा होता, त्याला आम्ही लायब्ररी म्हणायचो. लिहिलेला प्रोग्राम त्यात टाकायचा. बदल करायचा असेल तेव्हा आपल्या नावाचं कुलूप लावून बाहेर काढायचा, सुधारायचा आणि परत टाकायचा. जुनं काही पुसलं जात नसे, आणि कुणी, कधी, कशासाठी टाकलं याची नोंद राहायची. टाकायची कमांड दोन अक्षरांची, सीआय. तिच्यापुढे एखादं अक्षर जोडलं की तिची वागणूक बदले. एल जोडलं तर फाईल लायब्ररीतही जाई आणि पुढच्या कामासाठी आपल्या हातातही राहत असे. यू जोडलं तर वाचण्यापुरती एक प्रत आपल्याकडे उरे. काहीच जोडलं नाही तर फाईल लायब्ररीत जाऊन बसे आणि आपल्या डिरेक्टरीतून नाहीशी होई.

मी आठ दिवस आधी लागले होते, म्हणून तिला हे शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी कागदाच्या चिठ्ठीवर कमांड लिहून दिल्या. सीआय लिहिलं. यू आणि एल लिहिले नाहीत. अर्धा विसरच होता, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. उरलेल्या अर्ध्याबद्दल मी बोलत नसे.

पहिले दोन महिने ती साहेबांची किरकोळ कामं करत होती. लायब्ररीत टाकण्यासारखं काही तिच्या हातून झालं नव्हतं, त्यामुळे चिठ्ठी तशीच पडून होती. मी हजेरीचा प्रोग्राम घेऊन बसले होते, महिना झाला तरी तो संपत नव्हता. अशात कशेडी घाटात दरड कोसळली. आमचे ट्रक अलीकडे-पलीकडे अडकले आणि कुठल्या ट्रकमध्ये कुठले ड्रम आहेत, हे स्टोअरमध्ये कुणाला सांगता येईना. फोनवर नुसता आरडाओरडा चालला होता. तिने वहीवर थोडं आखलं, दोन बोटांनी टायपत बसली, आणि चौथ्या दिवशी ट्रकचा नंबर घातला की ड्रमची यादी पडद्यावर येऊ लागली. साहेब चहाचा कप हातात घेऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. चहा निवला तरी उभे होते. मी हजेरीच्या प्रोग्राममध्ये डोकं खुपसून बसले. पोटात दुखणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

"लायब्ररीत टाक आजच," म्हणून साहेब जेवायला गेले.

तिने चिठ्ठी काढली आणि कमांड दिली. मशीनने झालं म्हणून सांगितलं. मग तिने आपली डिरेक्टरी उघडली.

"ताई, फाईल नाय ओ," ती म्हणाली.

मी उठून गेले. पडद्यावर तिची फाईल नव्हती, आणि ती कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तिचा चेहरा उतरला होता. मला एक वाक्य बोलायचं होतं, लायब्ररीत बघ, एवढंच. मी म्हणाले, "काहीतरी चुकलं असेल तुझं. नीट बघून करायचं ना."

ती रडली नाही. तिच्याकडे आदल्या दिवशीचा छापलेला कागद होता, भोकाभोकांच्या कडांचा. तो तिने टर्मिनलला टेकवून उभा केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा टायपायला बसली. तीन दिवस बसली होती. डबासुद्धा तिथेच खायची, नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी, बोटं पुसून पुन्हा टायपायला. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "माझ्याकडनं गेली सर, परत करत्ये." मी मान वर न करता टायपत राहिले. खोटं कशाला बोलू, त्या तीन दिवसांत माझा हजेरीचा प्रोग्राम भराभर पुढे गेला.

चौथ्या दिवशी तिने नवी फाईल टाकायला घेतली आणि मशीन अडलं. या फाईलवर तुमचं कुलूप नाही, म्हणू लागलं.

"ताई, कुलूप कशाला मागतंय?"

लायब्ररीत त्या नावाची फाईल आधीपासून होती, म्हणून मागत होतं. हे सांगितलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. मी तिला बाजूला सरकायला लावलं, तिच्या नावाने कुलूप लावलं आणि सीआय लिहून पुढे यू जोडलं. हात सवयीने गेला.

"हे यू कशाला?"

"फाईल जागेवर राहावी म्हणून," मी म्हणाले. तोंडातून निघाल्यावर लक्षात आलं, चिठ्ठीवर मी हे लिहिलंच नव्हतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. बदल कशासाठी, असं मशीन विचारत होतं. तिने कीबोर्ड ओढून घेतला आणि इंग्रजीत दोन बोटांनी लिहिलं: प्रोग्राम नव्याने लिहिला. पुढे माझं नाव घालून, यांनी शिकवलं.

सहा महिने संपले तेव्हा साहेबांनी लायब्ररीतल्या नोंदी छापून घेतल्या. ती ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. "प्रोग्राम हिचा चांगला आहे," ते मला म्हणाले, "पण फाईल हरवणारीपेक्षा शिकवणारी मला जास्त उपयोगाची." ती शेजारीच उभी होती. खरं सांगायला मला तेव्हाही भरपूर वेळ होता. मी साहेबांना थँक्यू म्हणाले. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर फक्त माझ्या चपला होत्या, आणि मला वाटलं होतं तितकं बरं वाटलं नाही.

सात-आठ वर्षांनी पोलादपूरच्या स्टँडवर ती भेटली. स्टँडसमोर मेडिकलच्या वर कॉम्प्युटर क्लास काढलाय म्हणाली. मी वर पाहिलं. जिन्यावर मुलामुलींच्या चपलांचा ढीग होता, बाहेर पायरीपर्यंत आलेला. इतक्या वर्षांनीही माझ्या पोटात तेच दुखलं.

"अजून यू लावता ना, ताई?" तिने हसत विचारलं.

थट्टाच होती, पण मला राहवलं नाही. "तुला तेव्हा कळलं होतं, कुलूप मागितलं तेव्हा?"

"नाय ओ, त्याच्या आधीच. फाईल गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. लायब्ररी उघडून बघितली, तर माझी फाईल आत बसलेली."

"मग पुढचे दोन दिवस टायपत का बसलीस?"

"म्हटलं, ताई सांगतायत का बघू." तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली. "आज सांगतील, उद्या सांगतील. शेवटी कुलपाला तुम्हालाच बोलावलं. म्हटलं, आता तरी सांगतील."

मागे माझी महाडची गाडी लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता.

"मग मी शिकवलं, असं का लिहिलंस?"

"शिकवलंतच की," ती म्हणाली, आणि गर्दीतून वाट काढत मला खिडकीची जागा धरून द्यायला माझ्याआधी गाडीत चढली.