नाहुआत्ल, डिंका आणि माझ्या आईची हाक
वर्गात नवा मार्कर उघडला आणि त्या उग्र वासासरशी नाशकातल्या इंदिरानगरमधल्या मैत्रिणीच्या घरची फरशी आठवली. एम.ए.च्या सेमिनारसाठी आम्ही दोघी तिथे पालथ्या पडून तक्ता रंगवत होतो. एकीकडे मेक्सिकोची नाहुआत्ल, दुसरीकडे दक्षिण सुदानची डिंका. नाहुआत्ल तुकड्याला तुकडा जोडून एका लांबलचक शब्दात अख्खं वाक्य बसवते. डिंकाचा शब्द एवढासा, पण स्वर लांबवला किंवा आवाज चढवला की अर्थच बदलतो. हे तिला काही केल्या पटेना, म्हणून मी सुरगाण्याकडच्या माझ्या आईची हाक मारून दाखवली. आईने माझं नाव तोडून घेतलं की जेवायला यायचं, लांबवलं की गुरं वळवायची. मैत्रीण म्हणाली, "सेमिनारला मीच बोलते गं, तुझं मधेच 'हाय' नि 'नाय' येतं." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी डिंकाची पाळी आली तेव्हा ती सरांना हसून म्हणाली, "माझी आजी गावाकडे अशी हाक मारते," आणि तिने हुबेहूब माझ्या आईची हाक मारली. तिची आजी जन्मभर नाशकातच राहिलेली. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "आणि हिने काय केलं?" "हिने तक्ता रंगवला, सर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आज हाच विषय मी शिकवते, उदाहरणं हवी तेवढी देते, पण ती हाक वर्गात कधी मारत नाही. मारायला गेले की मला आईचा नाही, तिचा आवाज ऐकू येतो.