नकाशा भिंतीवर होता तोवर

जगाचा नकाशा मला शाळेत नाही, क्रिकेटमुळे कळला. बाबा रेल्वेत होते. रायपूरच्या आमच्या क्वार्टरमध्ये टीव्हीशेजारी त्यांनी एक मोठा नकाशा चिकटवला होता. न्यूझीलंडमधली मॅच असली की ते पहाटे मला उठवायचे.

"आपल्याकडे अंधार अन् तिथं ऊन. काहून? सांग बरं."

मी डोळे चोळत नकाशासमोर उभी राहायची. रेखांश मला असे समजले. दक्षिण आफ्रिकेचा संघ वर्षानुवर्षं बाहेर का होता, हे विचारल्यावर वर्णभेद समजला. झिम्बाब्वेचं जुनं नाव शोधताना, ते ज्याच्यावरून पडलं तो गोरा माणूस सापडला. भाऊ हिंदीतून चिडवायचा, "तुम दोनों मैच देखते हो कि परीक्षा देते हो?"

नववीत असताना मला एक कोडं पडलं. वेस्ट इंडीजच्या संघात आपल्यासारख्या नावांचे खेळाडू कसे? बाबांनाही ठाऊक नव्हतं. मी वाचनालयात बसून वाचलं, की गुलामगिरी संपल्यावर इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी बिहार आणि संयुक्त प्रांतातली माणसं करारावर जहाजांतून नेली. त्यातली बरीच परत आलीच नाहीत. संध्याकाळी बाबांना सांगितलं, तर ते जेवायचे थांबले. "आज तू मले शिकवलं," म्हणाले. त्या एका वाक्यावर मी पुढे इतिहासात एम.ए. केलं.

एम.ए. झाल्यावर भिलाईहून मला पाहायला मंडळी आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि काका. टीव्हीवर मॅच चालू होती. काका म्हणाले, "वेस्ट इंडीज एवढासा देश, पण खेळतात झकास."

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, तो एक देश नाही. बरीच बेटं आहेत, प्रत्येकाचा झेंडा वेगळा. गयाना तर बेटही नाही."

मी बाबांकडे पाहिलं. ते हसले, पण माझ्याकडे बघून नाही.

"टीव्ही सुरू असते, कानावर पडते. तिले त्यातलं काय समजते! स्वयंपाक मात्र आईसारखाच करते."

मुलाने सहज विचारलं, "मग तिथं आपल्यासारखी नावं कशी?" त्याने विचारलं होतं मला. मी बोलायला गेले तेवढ्यात बाबा म्हणाले, "बाळा, कप आत नेऊन ठेव." मी ट्रे उचलला. स्वयंपाकघरात उभी राहून मी त्यांचं उत्तर ऐकलं. उसाचे मळे, करार, जहाजं. सगळं माझ्याच शब्दांत, माझ्याच क्रमाने. काका म्हणाले, "वा! तुमचा अभ्यास दांडगा आहे."

"आवड आहे थोडी," बाबा म्हणाले.

मंडळी गेल्यावर मी विचारलं, "बाबा, खोटं काहून बोलले?"

"तुझ्याच भल्यासाठी. पहिल्याच भेटीत पाहुण्याची चूक काढते का कोणी?"

"मग एवढं शिकवलं काहून?"

ते टीव्ही बंद करायला उठले. "तेव्हा तू लहान होती," म्हणाले.

दोन दिवसांनी भिलाईहून होकार आला. मी नाही म्हटलं. बाबा कितीतरी दिवस आईच्या मार्फत माझ्याशी बोलत होते. आई म्हणायची, "त्यांचा जीव आहे तुह्यावर." तो होताच. म्हणून तर मला ते सहन होईना. परक्याने अडाणी ठरवलं असतं तर मी भांडले असते.

आता मी रायपुरातच, तेलीबांध्याला वेगळी राहते, नव्या रायपुरात नोकरी करते. मागे तिथल्या स्टेडियमवर मॅच झाली तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर गेले. आदल्या दिवशी बाबांचा फोन आला होता. पिच कसं असेल, कोण खेळेल, सगळं बोलले. मध्येच थांबले. मी सोबत चला म्हणावं, याची ते वाट पाहत होते, हे मला कळत होतं.

मी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टेडियममध्ये चाळीस हजार माणसं ओरडत होती. मैत्रिणीने विचारलं, "तू इतनी चुप क्यों है?" मी म्हटलं, "ऐसे ही," आणि मॅच बघत राहिले.