कार्बोरेटरमधली नळी

रविवारी चहा झाला की सासरे अंगणात गोणपाट अंथरायचे आणि मला हाक मारायचे. मी हातातलं काम टाकून जायची आणि मोपेडवर बसायची. गाडी मधल्या स्टँडवर, मागचं चाक जमिनीपासून वर, माझा उजवा हात ॲक्सिलेटरवर. ते खाली मांडी घालून कार्बोरेटरपाशी, हातात बारीक स्क्रू ड्रायव्हर. "दे थोडा. सोड. परत दे." मी द्यायची, सोडायची. मागचं चाक हवेत गरगर फिरायचं आणि निळसर धूर कंपाउंडच्या भिंतीला लागून वर जायचा. समोरच्या रस्त्याने जाणाऱ्या बायका माझ्याकडे बघून हसायच्या. अख्खी सकाळ गाडीवर बसून मी कुठेच गेलेली नसायची.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. लग्न होऊन मी म्हसरूळला आले तेव्हा घरात आम्ही दोघंच असायचो, सासरे आणि मी. सासूबाई लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. नवरा पुण्याला नोकरीला, एका शनिवारी यायचा, एका शनिवारी नाही. पुण्यात घर बघतो म्हणायचा आणि ते बघणं चालूच होतं. सासऱ्यांना सगळे दादा म्हणायचे, मीही दादाच म्हणायची. सातपूरच्या एका कारखान्यात ते फिटर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. सकाळी माझ्या आधी उठून पोहे करायचे. माझ्या डब्यात लोणचं घातलंय का ते झाकण उघडून बघायचे. त्यांच्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती, आणि हे मला पुढे फार जड गेलं.

मी बी.एस्सी. झालेली होते. दिंडोरीच्या पुढे द्राक्षांचं एक पॅकहाउस निघालं होतं, तिथे मला हंगामापुरती नोकरी लागली. बागेतून माल आला की मण्यांचा आकार बघायचा, चार मणी चिरडून रसातली साखर मोजायची आणि माल परदेशी पाठवण्याजोगा आहे की नाही ते सांगायचं. द्राक्षं गारव्यात तोडतात, म्हणून काम लवकर सुरू व्हायचं. त्या वेळेला सोयीची बस नव्हती. दादा म्हणाले, माझी मोपेड पडूनच आहे, ती घे. देवळामागच्या मैदानात त्यांनी स्वतः मला चालवायला शिकवली. मागून कॅरिअर धरून पळायचे, धापा टाकायचे. पहिल्यांदा मी एकटीने फेरी मारली तेव्हा ते भाजीवालीला थांबवून म्हणाले, "माझी सून आहे."

गाडी दिसायला लहान आणि स्वभावाने गरीब होती. पायडल मारलं की सुरू व्हायची. सुरुवातीला वेगही बरा घ्यायची, पण एका मर्यादेला आली की तिथून पुढे नाही. मी मूठ पूर्ण पिळायची, इंजिनचा आवाजही बदलायचा नाही. कुणीतरी समोरून छातीवर तळवा टेकवून धरल्यासारखं वाटायचं. ढकांब्याच्या चढाला तर पायडल मारावं लागायचं, आणि दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकली माझ्या बरोबरीने चालायच्या. पॅकहाउसला पोचेपर्यंत पहिला टेम्पो रिकामा झालेला असायचा. सुपरवायझर नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे.

हे मी दादांना सांगितलं आणि रविवारचं ट्यूनिंग सुरू झालं. ते मनापासून करायचे, हे मान्य केलं पाहिजे. आधी इंजिन तापू द्यायचं. मग एक स्क्रू फिरवून गाडी जागेवर हळू चालती ठेवायची. दुसरा स्क्रू हवेचा, तो अगदी थोडा थोडा सैल करायचा, इंजिन आपोआप जोर धरतं तिथे थांबायचं. प्लग काढून बघायचा. काळा पडला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा असेल तर हवा जास्त, चॉकलेटी हवा. दादा प्लग माझ्या तळहातावर ठेवून दाखवायचे. दर वेळी चॉकलेटीच असायचा.

"इंजिनमध्ये काही खोट नाही," ते म्हणायचे. "तूच घाबरतेस. मूठ पूर्ण पिळत नाहीस."

मला ते खरं वाटलं. सोमवारी मी मनगट दुखेपर्यंत मूठ पिळायची. संध्याकाळी पोळ्या लाटताना हात भरून यायचा आणि मी मनाशी म्हणायची, आपण भित्र्याच आहोत.

फेब्रुवारीत एकदा दिंडोरीत शिरताना ॲक्सिलेटरची केबल तुटली. गाडी ढकलत मी एसटी स्टँडजवळच्या एका टपरीवर नेली. तिथला मेकॅनिक दादांच्याच वयाचा होता. केबल बदलायला कार्बोरेटरचं वरचं झाकण काढावं लागतं. त्याने ते फिरवून काढलं, आतली स्प्रिंग आणि छोटा पिस्टन बाहेर घेतला आणि थांबला. स्प्रिंगच्या आत, केबलवर ओवलेला, निळ्या प्लॅस्टिकच्या नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा होता.

"ताई, हे कंपनीचं नाय," तो म्हणाला. "कोणीतरी मुद्दाम घातलंय."

कशासाठी, असं मी विचारलं. त्याने पिस्टन वर-खाली करून दाखवलं. मूठ पिळली की हा पिस्टन वर उचलला जातो आणि तेवढं पेट्रोल आणि हवा आत जाते. वर नळी असली की तो अर्ध्यावरच अडतो. मग मूठ कितीही पिळा. पोरगं नवीन शिकत असलं की लोक असं करतात, तो म्हणाला, काढून टाकू का?

मी तुकडा हातात घेतला. दोन्ही टोकं सरळ कापलेली होती आणि कडा पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. असं काम करणारा माणूस मला एकच माहीत होता. तो माझ्या डब्यातलं लोणचं तपासायचा.

नळी काढून, नवी केबल घालून मेकॅनिकने गाडी माझ्या हातात दिली. मी वणीच्या रस्त्याला लागले आणि मूठ पिळली. गाडी उसळली. मी इतकी दचकले की सोडून दिली, मग परत पिळली. द्राक्षांच्या मांडवांचे खांब भराभर मागे पडत होते, ओढणी गळ्याशी ताणली जात होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. भीती वाटत नव्हती. भित्री असते तर वाटली असती.

थोडं पुढे जाऊन वळून टपरीवर आले आणि मेकॅनिकला म्हणाले, ती नळी परत घाला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की रविवारी घरी सासरे गाडी ट्यून करतात, नळी नसली तर इंजिनच्या आवाजावरून त्यांना लगेच कळेल. त्याला काय समजायचं ते समजलं असावं. मी विचारलं, नळीला उभी चीर देता येईल का, म्हणजे केबल न काढता मलाच ती काढता-घालता येईल. त्याने ब्लेडने चीर दिली, झाकण कसं उघडायचं ते शिकवलं, पिस्टनची खाच आतल्या खुंटीवर बसली नाही तर तो अडकतो हेही सांगितलं.

दादांना सरळ विचारलं का नाही, असं पुढे एका मैत्रिणीने मला विचारलं होतं. त्या घरात बोलायला आम्ही दोघंच होतो. भांडण झालं असतं तर संध्याकाळी ताट वाढून समोर कुणाच्या बसायचं? शिवाय गाडी त्यांची होती. त्यांनी किल्ली खुंटीवरून काढून कपाटात ठेवली असती तर नोकरी तिथेच संपली असती, आणि त्यांना एक शब्दही मोठ्याने बोलावा लागला नसता.

म्हणून मी दोन गाड्या चालवू लागले. सकाळी म्हसरूळ मागे पडलं की एका चिंचेखाली थांबायचं, झाकण फिरवायचं, नळी काढून रुमालात बांधायची. पुढे सुसाट. संध्याकाळी त्याच चिंचेखाली थांबून नळी परत घालायची आणि सासरी जाणाऱ्या मुलीसारखं हळूहळू घराकडे यायचं. कामावर मी वेळेत पोचू लागले. सुपरवायझरांनी एकदा चहाला बोलावून पुढच्या हंगामात तुमच्याकडे सगळी तपासणी देऊ, असं सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण चिंचेखाली उकिडवं बसून, ट्रकवाल्यांच्या नजरा पाठीवर घेत ती चिरलेली नळी पुन्हा जागेवर बसवताना वाटायचं, दादांचं काम आता मीच करतेय. बोटांना पेट्रोलचा वास राहायचा. घरात शिरण्याआधी मी मोगऱ्याच्या आळ्यातली माती हाताला चोळायची.

मार्च संपता संपता एका रविवारी दादांनी प्लग बघितला, हवेचा स्क्रू बघितला आणि मग वरचं झाकण उघडलं. एरवी ते झाकण माझ्यासमोर कधी उघडत नसत. मी गाडीवरच बसले होते. त्यांनी नळी हातात घेतली. चीर दिसली. अंगठ्याने ती उघडून पाहिली, मिटवून पाहिली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"केबल तुटली तेव्हापासून."

ते बराच वेळ पिस्टन फडक्याने पुसत राहिले. मग खालीच बघत म्हणाले, "तो तिकडे. तुला रस्त्यात काही झालं तर मी त्याला काय तोंड दाखवू?"

"मला सांगायचं होतंत, दादा. मी हळू चालवली असती."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

 ऐकलं नसतंच. पण मनगट माझं दुखत होतं, आणि मला भित्री ठरवून झालं होतं, याचं काय, हे विचारायचं होतं. 

दादा उठून घरात गेले. परत आले तेव्हा हातात निळ्या नळीचं अख्खं वेटोळं होतं. त्यांनी जुन्या तुकड्याशी माप घेऊन नवा तुकडा कापला, सावकाश घासला, केबलची खालची गाठ पिस्टनमधून सोडवून तो ओवला आणि सगळं जागच्या जागी बसवलं. ते काहीही लपवत नव्हते. मी सगळं बघत होते आणि गाडीवरून उतरले नव्हते.

"दे थोडा," ते म्हणाले.

मी दिला.

त्या रात्री जेवणानंतर मी एसटीडी बूथवरून नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. म्हणाला, हळू जाण्यात वाईट काय आहे, दादांना काळजी वाटते एवढंच, आणि मी लांब असतो तर निदान तेवढी निश्चिंती असू दे. मी म्हटलं, निश्चिंती कुणाची? तेव्हा बूथवाला घड्याळाकडे बोट दाखवत होता, आणि नवरा म्हणाला, आलो की बोलू. आला तेव्हा त्याने गाडीवरून एक चक्कर मारली आणि ट्यूनिंग मस्त झालंय म्हणून दादांचं कौतुक केलं.

नवी नळी काढणं मला जमण्यासारखं होतं. केबल सोडवायची एवढंच. चिंचेखाली एकदा थांबलेही, झाकण अर्धं फिरवलं. पण आता ते चोरून करणं राहिलं नव्हतं. ते दादांच्या तोंडावर नाही म्हणणं झालं असतं, आणि ते रोज सकाळी नव्याने म्हणावं लागलं असतं. मी झाकण परत घट्ट केलं. ढकांब्याला पायडल मारलं. उशीर व्हायला लागला. हंगाम संपताना सुपरवायझरांनी सांगितलं की तपासणीचं काम जवळच राहणाऱ्या कुणाला तरी द्यावं असं मालकांचं म्हणणं आहे. तुम्ही पॅकिंगवर लक्ष ठेवायला या, म्हणाले. ते माणूस चांगले होते, बोलताना त्यांनाही अवघडलं होतं.

पुढच्या हंगामाला पॅकहाउसने बायकांना आणायला जीप लावली. ती म्हसरूळच्या चौकातून उजाडायच्या आत निघायची. आत दाटीवाटीने बायका, मागच्या फळीवर दोघी-तिघी लोंबकळत, दारं दोरीने बांधलेली. ड्रायव्हर तंबाखू मळत एका हाताने चालवायचा आणि समोरून ट्रक आला तरी वेग कमी करायचा नाही. वळणावर आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडायचो. माझे गुडघे कुणाच्या तरी पाठीत आणि कुणाचा तरी डबा माझ्या बरगडीत. मला पुढचा रस्ताही दिसायचा नाही.

दादा मला चौकापर्यंत सोडायला यायचे. ड्रायव्हर त्यांच्या ओळखीतल्या माणसाचा मुलगा होता. मी आत कोंबली गेले की ते फळीवर थाप मारून जाऊ दे म्हणून खूण करायचे. जीप धूळ उडवत सुटायची, आणि बायकांच्या खांद्यांमधून मला दिसायचं, ते हात मागे बांधून निवांतपणे घराकडे वळले आहेत.