मधल्या गाडीचे गुण

"गाडीत बसलो रे बसलो की बोंबलते, पट्टा लाव. जरा कडेला गेलो की हातातलं चाक थरथरवून सांगते, मधी ये. मागं घ्यायला लागलो की टीं टीं टीं. आता गाडी मी चालवतो का ती मला चालवते, तूच सांग."

"ती सांगते ते ऐकता ना?"

"ऐकावंच लागतं. गप बसत नाय."

"मग मला बी तसलं टीं टीं बसवून घ्या कुठून तरी," बायको म्हणाली आणि तिनं शिलाई मशीनखालचं पायडल दाबलं.

सावकाश चहाच्या कपात बघत राहिला. हे त्याचं खरं नाव नव्हे. उभी जवानी लॉरीवर घालवून, कुणालाही धडक न देता तो बाहेर आला, तो ह्या एका शब्दावर. कुणी लग्न ठरवलं तरी सांगायचा सावकाश, कुणी शिंकलं तरी सांगायचा सावकाश. लोकांनी मग तेच नाव ठेवलं. आता टाईलवाल्या शेठची गाडी चालवत होता आणि बायकोच्या मते रडत होता.

पण आज रडण्याचं कारण टीं टीं नव्हतं, हे तिनंही ओळखलं होतं. तिनं मशीन थांबवलं.

"काय झालं ते बोला."

"शेठ गाडी विकतोय. छोटी घेणार. ती शेठाणी स्वतः चालवणार म्हणे, लायसन काढलंय."

"आणि तुम्ही?"

"मला कोण ठेवतंय ह्या गुडघ्यावर."

बायकोनं शिवण उलटून बघितली. मग दोरा दातानं तोडून म्हणाली, "हे बघा, दिवसभर घरात बसून मला सावकाश सावकाश करणार असाल तर मी आत्ताच माहेरी जाते. गिऱ्हाईक येईल त्याला गाडीच्या खोडी सांगा. इथं मला रोज सांगता, तेवढ्या सांगितल्या तरी गाडी भंगारात जाईल."

सल्ला बरा होता. नवऱ्याच्या रडण्याचा असा उपयोग तिनं संसारात पहिल्यांदाच शोधून काढला होता.

आता ती गाडी. उंच, काळी, नाकावर एवढी मोठी जाळी की समोरच्या गाडीला वाटावं, ही आता आपल्याला खाते. आत मलईच्या रंगाचं कातडं, ज्यावर शेठ कुणाला नीट टेकू द्यायचा नाही. कंपनीच्या तीन आकारांतली ही मधली. मधल्या लेकराचं घरात जे होतं तेच तिचं झालं. घेतली तेव्हा शेठनं गल्लीत पेढेच काय ते वाटायचे ठेवले. पुढं शेठच्या मेव्हण्यानं त्याच कंपनीची थोरली आणली आणि एका लग्नाच्या मांडवाबाहेर, चारचौघांत, हिच्या टपावर थाप मारून म्हणाला, "छान आहे हो, मधली." बस. तेव्हापासून शेठला गाडीत बसलं की टोचायला लागलं. कातड्याची काही चूक नव्हती.

गिऱ्हाईक आलं ते दातांचे डॉक्टर, सोबत बायको. त्यांची जुनी गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हाच कळलं, कारण पत्र्याच्या पेटीत भांडी घालून कुणी पेटी जिन्यावरून सोडावी तसा आवाज झाला. डॉक्टर बोलत बोलतच उतरले. ते बोलत बोलत गाडीभोवती फिरले, बोलत बोलत स्टिअरिंगवर बसले. डॉक्टरांना उलट उत्तराची सवय नव्हती. दिवसभर ज्यांच्याशी बोलायचे त्यांची तोंडं उघडी आणि कापसानं भरलेली असायची. बाई मुकाट्यानं मागं बसल्या. सावकाश डॉक्टरांच्या शेजारी बसला. शेठ दारात हात मागं बांधून उभा, जणू लेक बघायला पाहुणे आलेत.

गल्ली संपेपर्यंत सावकाशनं दम धरला. मग सुरू केलं.

"साहेब, सांगू नये, पण सांगतो. कागदावर सात जणांची हाय. शेवटच्या रांगेत माणूस मावत नाय. शेठच्या आई हौसेनं बसल्या, तर त्यांना बाहेर काढायला एकानं ओढलं आणि एकानं ढकललं. म्हातारी अजून माझ्याशी बोलत नाय."

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "मला दोन मेहुणे आहेत. कुठं जायचं म्हटलं की आधी तयार. जागा नाही म्हणायची सोय नाही. आता जागा आहे, या म्हणायचं आणि तिथं बसवायचं. दुसऱ्यांदा येत नाहीत."

सावकाशनं दुसरी खोडी पुढं केली. "तेल लई पिते."

"पिऊ दे ना. कमी खाणारी गाडी दवाखान्यापुढं उभी केली की पेशंट म्हणतात, डॉक्टरचं चालत नाही वाटतं. मग दुसरीकडं जातात आणि तिथं चांगला दात काढून घेतात."

"हिला बटणंच नाईत, साहेब. गार हवा पाहिजे झाली तरी त्या टीव्हीसारख्या पडद्यात बोट घाला. ह्यात घाला, त्यात घाला. तोवर घाम वाळतो."

"मी सकाळपासून लोकांच्या तोंडात बोटं घालतो. पडदा निदान चावत तरी नाही."

सावकाशनं शेवटचा पत्ता काढला. खालच्या आवाजात, घरातलं पाप सांगावं तसा म्हणाला, "एक सांगू का. काही मोडलं तर भाग हितं मिळत नाय. समुद्रापलीकडून येतो. तोवर गाडी गॅरेजवाल्याच्या घरी पाहुणी. मागं आरसा गेला, तर आम्ही इतकं थांबलो की शेठ त्या गॅरेजवाल्याच्या पोराच्या बारशाला गेला."

"माझेसुद्धा चांगले दात बाहेरून येतात," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "लोक अर्धं तोंड घेऊन महिनोन् महिने थांबतात. थांबावं लागलं की वस्तूची किंमत राहते. तुम्ही माणूस प्रामाणिक आहात हं. इतकं खरं मला कुणी सांगितलं नव्हतं. मला गाडी पसंत आहे."

झालं. खोडी काढायला गेला आणि सोयरीक जमवून बसला. रडगाणं आजवर घरी ऐकून घेतलं जात नव्हतं, इथं ऐकून घेतलं तर त्याची आरती झाली. सावकाश काचेबाहेर बघायला लागला. दुकानं मागं पळत होती. ह्याच रस्त्यावर उद्या आपण पिशवी घेऊन चालत असणार, आणि घरी मशीनचा खडखडाट.

तेवढ्यात मागून बाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "दादा, खोडी ऐकल्या. हिच्यात चांगलं काय आहे?"

आता इथं खोटं बोलायला हरकत नव्हती. पण माणूस हरला की थोडा खरा होतो. शिवाय ती गाडी रोज पुसणारा तोच. तिला नावं ठेवायचा हक्क आपला, ह्या परक्याला आपण तिच्या चहाड्या सांगितल्या, ह्याची त्याला जरा लाज वाटली असावी.

"आवाज नाय, ताई," तो म्हणाला. "मी लॉरीवर होतो. कानात आयुष्यभर इंजिन. शेजारचा क्लीनर काय बोलतो ते मला त्याच्या ओठांवरून कळायचं. ह्या गाडीत पहिल्यांदा काच वर केली आणि मला माझा श्वास ऐकू आला. भ्यालोच. बाहेर जग बोंबलत असू दे, आत काही येत नाय. पुढं कुणी पुटपुटलं तरी मागं लख्ख ऐकू जातं. एक शब्द सांडत नाय बघा."

"ऐकलंस?" डॉक्टर म्हणाले. "आता मला ओरडायला नको. आपल्या गाडीत मी अर्धं बोलतो ते तुला कळतच नाही. परवा हिरड्यांचं सांगत होतो, ते आता पहिल्यापासून सांगतो."

आणि त्यांनी ते पहिल्यापासून सांगितलं. घराशी येईपर्यंत सांगितलं. गाडीनं एकही शब्द सांडला नाही. सावकाशनं मागं वळून बघितलं तर बाईंचा चेहरा दाढ काढायच्या खुर्चीत बसल्यासारखा झाला होता.

डॉक्टर डिकी बघायला गेले, बोलत. बाई सावकाशजवळ थांबल्या.

"दवाखान्यात पेशंट ऐकतात," त्या हळूच म्हणाल्या. "घरी मी मिक्सर लावते. गाडीत ती खडखड असते, म्हणून इतकी वर्षं निभलं. ह्या गाडीत मला आधार कशाचा?"

ह्यावर सावकाशजवळ एकच शब्द होता, पण तो त्यानं गिळला.

बाई सरळ शेठपुढं गेल्या. "गाडी फार चांगली आहे. आमच्यासारख्यांना झेपायची नाही, इतकी चांगली."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. बाईंनी नुसतं बघितलं. डॉक्टरांचं तोंड तसंच उघडं राहिलं, फक्त कापूस नव्हता. मग भांड्यांची पेटी पुन्हा जिन्यावरून गडगडली आणि गल्लीच्या तोंडाशी दिसेनाशी झाली.

शेठ जागचा हलला नाही. "काय म्हणाली ती? झेपायची नाही?"

"हो शेठ. फारच चांगली निघाली."

शेठनं गाडीकडं बघितलं. बऱ्याच दिवसांनी, वर-खाली, डोळे भरून. मेव्हण्यानं थाप मारल्यापासून तिला कुणी बरं म्हटलं नव्हतं. "दातांच्या डॉक्टरला झेपत नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "अहो, मग अशी गाडी विकायला मी काय वेडा आहे?"

"आणि माझी छोटी?" मागून शेठाणी. तिच्या हातात नवं कोरं लायसन होतं, गिऱ्हाइकाला दाखवायचं काही कारण नसताना आणलेलं.

"बघू."

शेठच्या घरात 'बघू' म्हटलेली वस्तू आजवर कुणी बघितली नव्हती. शेठाणीनं नवऱ्याला सोडून सावकाशकडं असं बघितलं की तो लगबगीनं फडकं घेऊन डिकीवरचे डॉक्टरांच्या बोटांचे डाग पुसायला लागला.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "मला बहिणीकडं सोडा. आणि लवकर."

मागचं दार जरुरीपेक्षा जोरात लागलं, पण आवाज काही आला नाही. सावकाश पुढं बसला. गाडी बोंबलायच्या आत त्यानं पट्टा ओढला.