शनिवारच्या परीक्षानळ्या

शैलाताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी नववीची हजेरी घेत होते. शिपाईमामा दारात येऊन हळूच म्हणाले, “बिराजदार बाई गेल्या हो मॅडम, पहाटं... हार्ट ॲटॅक.” मी मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं. सगळी हजेरी पुरी केली, काय म्हणावं मला! आता पाच आठवडे होत आले, तरी एका जागी बसवत नाही. वह्या तपासायला घेते, चार तपासते, उठते, उगाच गॅलरीत जाऊन येते.

सोलापुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी. दिवाळीच्या सुट्टीनंतर दरवर्षी त्या नववीच्या मुलींकडून एक प्रश्नावली भरून घ्यायच्या. झोप लागते का, रडू येतं का, एकटं वाटतं का. “पण फॉर्मात पोरी सगळं खरं लिहीत न्हाईत की,” असं म्हणून पुढचे पंधरा दिवस डब्याच्या सुट्टीत वर्गावर्गात फिरायच्या. कुणी बाक बदलला, कोण अचानक फार हसायला लागली, कुणाचा डबा दुसरीच खाते... त्यातून यादी व्हायची आणि प्रत्येक नावापुढं वेगळा उपाय. मी एकदा म्हटलं, सगळ्यांना हॉलमध्ये बसवून एक व्याख्यान ठेवू या. तर म्हणाल्या, “त्यानं काय हुतंय? हिला झोप पायजे, तिला मैत्रीण पायजे, आणि त्या तिसरीला डॉक्टरच पायजेत.”

यादी उतरवून काढायचं काम माझं, अक्षर बरं म्हणून. ती प्रत मुख्याध्यापिकांकडं जायची, मग पालकांना बोलावणं. दोन वर्षांपूर्वी त्या यादीत अकरावं नाव मृणालचं होतं. माझ्या मुलीचं. माझ्याच वर्गात होती ती. माझं डोकंच फिरलं. पहिल्या पाचात येणारी, डबा रिकामा आणणारी पोर, हिला काय धाड भरलीय? खोटं कशाला बोलू, स्टाफरूममध्ये काय बोलतील हेच आधी मनात आलं. मी दहाच नावं उतरवली.

शैलाताईंनी प्रत वाचली, घडी घातली. “अक्षर लई सुंदर हाय तुमचं,” एवढंच बोलल्या. पण पुढच्या शनिवारपासून सकाळची शाळा सुटली की मृणालला प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायला थांबवू लागल्या. मी तणतणत गेले, माझीच मुलगी सापडली का? त्या शांतपणे म्हणाल्या, “काच हातातनं सुटू नये म्हणून जपावं लागतंय की. तेवढा वेळ डोकं गप बसतंय.” मी निघाले तर मागून म्हणाल्या, “तुमीबी थांबा की, चहा करते.” तेव्हाच नाही, दर शनिवारी म्हणायच्या. मला दर शनिवारी काहीतरी काम असायचं.

त्या गेल्यावर मृणालनं सांगितलं. ती आता अकरावीत आहे. “आई, नववीत मला सकाळी उठावंसंच वाटायचं नाही गं. डबा मी वाटून टाकायचे. पहिले दोन महिने मॅडमनी काही विचारलंच नाही... मग मीच बोलले.” त्यानंतर तिला डॉक्टर सुचवून मला राजी करायला त्या आमच्या घरी आल्या होत्या. मी तेव्हा ‘अभ्यासाचं टेन्शन’ म्हणून तयार झाले. मी नाव गाळलं ते त्यांच्या लक्षात आलं होतं का, हे विचारायचं कायम राहून गेलं. तेच आत कुरतडत होतं.

मागच्या आठवड्यात त्यांचं कपाट आवरायचं काम माझ्याकडं आलं. त्यात त्यांची त्या वर्षीची स्वतःची टिपणवही सापडली. मृणालच्या नावापुढं लिहिलं होतं : ‘प्रश्न विचारू नयेत. हाताला काम द्यावं.’ आणि खाली बारीक अक्षरात : ‘आईनं नाव गाळलं. घाबरलीय. रागावू नये. तिलाही शनिवारी बोलवावं.’

काल शनिवार होता. शाळा सुटल्यावर मृणालला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. दोघींनी मिळून नळ्या धुतल्या. मी काही विचारलं नाही. मग त्यांच्याच पातेल्यात चहा ठेवला आणि चुकून तीन कपांचं पाणी घातलं.